टेबलाखालचा ढीग: दुरुस्तीच्या एका रविवाराचं प्रकरण

शहराच्या एका दाट भागात दर महिन्याला भरणाऱ्या दुरुस्तीच्या रविवाराची ही हकिकत. मी तिथे नोंदणीच्या टेबलावर बसते, त्यामुळे बरंचसं डोळ्यांसमोर घडलेलं आहे. जे समोर घडलं नाही ते नंतर विचारून घेतलं. माणसं आणि जागा ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. आकडे माझ्या नोंदवहीतले.

पार्श्वभूमी

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक एका वाचनालयाचं सभागृह आम्हाला मिळायचं. आजूबाजूच्या इमारतींतल्या लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या आणि ज्यांच्या हातात कसब आहे त्यांनी त्या फुकट दुरुस्त करून द्यायच्या. सुरुवातीला आम्ही सात जण होतो. विजेच्या वस्तूंना तिघे: जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले एक काका, कारखान्यात वायरमन असलेला एक तरुण, आणि एक इंजिनिअर, ज्याला बोलण्यापेक्षा स्क्रू खोलायला जास्त आवडतं. शिवणाला स्वतःचं मशीन घेऊन येणाऱ्या मावशी. उरलेले आम्ही तिघे सटरफटर कामांना: नोंदणी, टेबलं मांडणं, किल्ली आणणं, शेवटी झाडून घेणं.

कल्पना आमची नाही. 18 ऑक्टोबर 2009 रोजी ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. आता जगभर असे हजारो गट आहेत. त्यातल्या दोन गोष्टी पक्क्या: दुरुस्ती फुकट, आणि वस्तू ज्याची त्याने शेजारी बसायचं, जमेल तितका हात लावायचा.

पहिली गोष्ट आम्ही पाळली. दुसरी दोन महिन्यांत सुटली. ती सोडायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी एक गृहस्थ टेबल फॅन घेऊन आले आणि म्हणाले, “ताई, मला जरा जाऊन यायचंय. ठेवून जाऊ का? एक वाजता घेऊन जातो.” मी म्हटलं, “ठेवा की.” मागच्याने ते ऐकलं. त्यानेही ठेवलं. तिसऱ्या महिन्यात बहुतेक लोक वस्तू ठेवून जाऊ लागले. मग मी पुठ्ठ्याचे तुकडे कापून, भोक पाडून, दोरा ओवून घेतला. त्यावर नाव, फोन नंबर आणि बिघाड लिहायचा. बिघाडाच्या जागी दहातल्या नऊ जणांनी लिहिलेलं असायचं: ‘चालत नाही’.

अडचण

चौथ्या महिन्यात एका सकाळी 43 वस्तू आल्या, त्यातल्या 29 विजेच्या. करणारे तेच तिघे.

बाहेरून बघणाऱ्याला हे यशच वाटलं असतं. दारापर्यंत रांग, मधूनच कुणाचा तरी दिवा लागला की टाळ्या. पण मी बसायचे तिथून टेबलांच्या खालची बाजू दिसायची. तिथे पुठ्ठे लटकवलेले मिक्सर, इस्त्र्या, केटल, दिवे यांचा ढीग वाढत होता. काकांचा पाय मागे घ्यायला जागा उरली नव्हती. टेबल फॅन नुसता घरघरत असेल तर बहुधा बुश कोरडा पडलेला असतो; उघडायचा, पुसायचा, तेल सोडायचं, पंधरा मिनिटांचं काम. पण मिक्सरचा कपलर झिजलाय की मोटरचे कार्बन ब्रश संपलेत की वाइंडिंगच जळलंय, हे उघडल्याशिवाय कळत नाही. मालक समोर असता तर ‘आधी जळका वास आला, मग थांबला’ एवढं बोलला असता आणि निम्मा शोध तिथेच संपला असता. मालक मात्र घरी, आणि हातात पुठ्ठा: ‘चालत नाही’.

एक वाजता ढीग संपायचा नाही. काकांनी उरलेल्या वस्तू पिशवीत भरायला सुरुवात केली. “घरी निवांत बघतो.” आम्हाला बरंच वाटलं. दोन महिन्यांत त्यांच्या बाल्कनीत 11 वस्तू जमल्या होत्या, हे आम्हाला पुढे त्यांच्या सुनेकडून कळलं. सहाव्या महिन्याच्या आधी त्यांचा निरोप आला: तब्येतीमुळे काही दिवस जमणार नाही. तब्येत ठणठणीत होती.

त्या सहाव्या महिन्याच्या रविवारीच केटलचा प्रकार घडला.

पुठ्ठ्यावर नेहमीचंच लिहिलेलं. काका नसल्यामुळे हौसेने मदतीला आलेल्या एका कॉलेजच्या मुलाने ती घेतली, पिन बोर्डात घातली आणि बटण दाबलं. खट् आवाज होऊन अख्ख्या सभागृहाची वीज गेली. मुलगा हात झटकत मागे सरकला. मालकीणबाईंना फोन केला तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “हो, आदल्या रात्री पूर्ण बुडवून घासली होती. तेव्हापासूनच बंद आहे.”

वीज ज्याने तोडली तो भिंतीवरचा ईएलसीबी. आत जाणारा प्रवाह तितकाच परत येतोय ना, एवढंच हे यंत्र बघत असतं. माणसांच्या बचावासाठी बसवतात त्यात 30 मिलीअँपिअरची तूट पडायच्या आत पुरवठा तुटतो, डोळ्याचं पातं लवायला लागतो त्याहून कमी वेळात. मुलाला काही झालं नाही. पण सभागृहाच्या मागच्या भिंतीवर एक जुना बोर्ड आहे, त्याची लाइन वेगळी, आणि त्याला हे संरक्षण नाही. आदल्या महिन्यात विजेचं टेबल त्या बोर्डापाशी होतं. उजेड कमी पडतो म्हणून ते पुढे सरकवलं होतं, एवढाच योगायोग.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी आम्ही सहा जण बसलो. विजेच्या वस्तू घेणं बंदच करायचं, असं मावशी म्हणाल्या. शिवणाचं त्यांचं टेबल मुळीच अडत नव्हतं. लोक समोर बसायचे, चेनचा रनर बदलून व्हायचा, पँटची शिलाई उसवलेली असेल तर मावशी मशीनवर त्यांनाच बसवायच्या. त्यांना आमचा गोंधळ परका होता. वायरमनचं म्हणणं, पगारी माणूस ठेवू. त्यासाठी पैसे घ्यावे लागले असते, आणि मग आम्ही दुकानच झालो असतो. हे दोन्ही पर्याय दहा मिनिटांत मागे पडले.

खरी चर्चा दोन गोष्टींवर झाली. वस्तूंची संख्या बांधून टाकायची, की माणसं वाढवायची?

संख्या बांधण्याच्या बाजूने एकटा इंजिनिअर होता, आणि तो बोलणारा नाही. त्याने कागदावर हिशेब मांडला: तीन जण, तीन तास, एका वस्तूला सरासरी 40 मिनिटं, म्हणजे साडेतेरा वस्तू. कागद मधोमध सरकवला आणि गप्प बसला. आम्ही बाकीचे भावनेच्या भरात होतो. दारातून माणसाला परत कसं पाठवायचं? ज्याच्यासाठी हे सुरू केलं त्यालाच नाही म्हणायचं? शिवाय माणसं वाढवणं हे ऐकायलाही छान वाटतं. पाच जणांनी माणसं वाढवायचं ठरवलं. मीही त्यात होते. कागद माझ्याच वहीत राहिला.

पहिला निर्णय आणि तो का फसला

तारीख मिळाली ती मोहात पाडणारी. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 1985 साली 5 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरवला. आम्ही त्याच दिवसाच्या निमित्ताने जिन्याजिन्यांत कागद लावले: ‘दुरुस्तीच्या रविवारला हात हवेत.’ आठवड्यात 31 नावं आली.

पुढच्या रविवारी त्यातले 23 जण हजर. दहा वाजता सभागृहात मालकांपेक्षा स्वयंसेवक जास्त. एक टेबल सरकवायला चौघे धावले, आणि चौघांनी चार दिशांना ओढलं. एक मुलगी माझ्यापाशी येऊन तीनदा विचारून गेली, “मी काय करू?” तिन्ही वेळा मी म्हटलं, “थांब हं जरा.” साडेअकरापर्यंत निम्मे लोक निघून गेले होते. ती मुलगीही. आणि विजेचं काम करणारे? दोघेच, कारण काका आले नव्हते. म्हणजे आम्ही जिथे कमी पडत होतो तिथे एकही हात वाढला नव्हता.

मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. 1913 साली ते छापून आलं. आठ जण मिळून ओढतात तेव्हा एकेकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या 49 टक्के उरतो. काही जोर मेळ न बसल्यामुळे वाया जातो, काही आपसूक ढिला पडतो. आमच्या टेबलाला तर चौघेच होते.

पुढच्या महिन्यात ग्रुपवर, आता 54 जणांच्या, मी लिहिलं: “रविवारी कोण कोण येतंय?” दोन अंगठे आले. एक अंगठा माझ्या बहिणीचा. मी चिडले, लोकांना नुसती हौस असते असं काहीबाही बोललेही. आता वाटतं, चूक प्रश्नाच्या घडणीत होती. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचा 1968 चा प्रयोग प्रसिद्ध आहे: इंटरकॉमवर बोलता बोलता एकाला आकडी (फिट) येते. ऐकणारे फक्त आपणच आहोत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले 85 टक्के लोक ती आकडी संपायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटलं त्यांच्यातले 31 टक्के. माझ्या प्रश्नाला त्रेपन्न ‘आणखी’ होते.

दुसरा निर्णय

फेब्रुवारीत मी इंजिनिअरचा कागद वहीतून काढला. त्याला म्हटलं, तुझंच करून बघू. त्यावरही तो काही बोलला नाही.

वस्तू ठेवून जायची सोय बंद केली. मालक शेजारी बसणार असेल तरच टोकन. विजेच्या वस्तूंची टोकनं 14. चौदावं गेलं की पाटी उलटी करायची. मायक्रोवेव्ह घ्यायचा नाही, कारण त्यातल्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. फुगलेली लिथियम बॅटरी असलेलं काहीही घ्यायचं नाही. गॅसचं काही नाही. मागच्या बोर्डावर चिकटपट्टी. आणि कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय पिन बोर्डात जाणार नाही. आधी मल्टिमीटरने अर्थिंगची पिन आणि धातूची बाहेरची बाजू जोडलेली आहे का बघायचं, मग 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वीज कुठून गळतेय का ते दाखवणाऱ्या यंत्राने, इन्सुलेशन. मेगर वायरमनने उसना आणला. ती केटल त्यावर लावून बघितली तर काटा जवळजवळ शून्यावर.

माणसांचं मात्र वेगळं करावं लागलं. इथे धावण्याच्या एका उपक्रमाचा उपयोग झाला. लंडनच्या बुशी पार्कात 2 ऑक्टोबर 2004 रोजी 13 जण धावले, तिथून पार्करन सुरू झालं. तिथे ‘मदतीला या’ असं म्हणत नाहीत. वेळ नोंदवणारा, बारकोड स्कॅन करणारा, सगळ्यांच्या शेवटी चालत येणारा अशी एकेक कामं असतात, एका सकाळीत संपणारी, नवख्याला जमणारी. आम्हीही कामं कापून बघितली. टोकन देणारा. हत्यारं मोजून देणारा आणि मोजून परत घेणारा (एक वाजता नेहमी एक स्क्रू ड्रायव्हर कमी भरायचा). आणि तिसरं काम, ज्याचं श्रेय मावशींना: विचारपूस करणारा. मालक आत आला की त्याच्यापाशी बसून विचारायचं: कधी बंद पडलं, वास आला का, आवाज आला का, पडलं होतं का, आधी कुणी उघडलंय का. फॉर्मवर पहिलाच प्रश्न, जाड अक्षरात: ‘पाण्यात गेलं होतं का?’ एका बाईंनी त्याखाली लिहिलं आहे, “मी नाही, यांनी टाकली.”

मी 31 जणांच्या यादीतल्या 12 जणांना एकेक करून फोन केला. “येत्या रविवारी दहा ते साडेअकरा तू हत्यारांवर बसशील का?” नऊ जण हो म्हणाले. तीनदा ‘काय करू’ विचारणाऱ्या मुलीला मी सगळ्यात आधी फोन केला होता. ती नाही म्हणाली, नम्रपणे.

काकांकडे मात्र फोनवर भागणार नव्हतं. मी आणि वायरमन घरी गेलो. ते बाल्कनीचं दार अर्धवट लावून पुढे उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे. आम्ही काही बोलायच्या आत म्हणाले, “दोन झालेत माझे. बाकीच्यांचं बघतो, थोडे दिवस द्या.” वायरमनने नुसतं विचारलं, “काका, पिशवी कुठंय?” आणि 11 च्या 11 वस्तू भरून आणल्या. यायचं तर एका अटीवर, असं काकांना सांगितलं: एकला उठायचं, रिकाम्या हाताने.

काय झालं

पहिल्या दोन रविवारी 14 टोकनं चालली. तिसऱ्याला इंजिनिअर आला नाही. चौथ्यालाही नाही. विचारलं तेव्हा त्याने एका ओळीत उत्तर दिलं: कुणी शेजारी बसून हाताकडे बघत असेल तर मला काम सुचत नाही. ज्याच्या कागदावर सगळं उभं केलं तोच त्यातून बाहेर पडला. मालकाला शेजारी बसवताना दुरुस्ती करणाऱ्याला ते चालेल का, हे आम्ही विचारलंच नव्हतं. काका परत आले होते, तरी करणारे दोघेच उरले. टोकनं 10 केली.

सगळे मिळून सहा रविवारांत विजेच्या 66 वस्तू आल्या. 39 चालू होऊन गेल्या, 10 जणांना कोणता भाग आणायचा ते लिहून दिलं, 17 गेलेल्याच होत्या. पूर्वीच्या महिन्यांशी याची तुलना करता येत नाही, कारण तेव्हा मी ‘आल्या’ लिहायचे, ‘झाल्या’ लिहायचे नाही. हा माझा दोष. टेबलाखाली मात्र आता पाय ठेवायला जागा असते. नऊपैकी सात जण अजून येतात, आणि विचारपुशीच्या टेबलावरचे दोघे काकांच्या हाताखाली सोल्डरिंग शिकले.

नाही म्हणणं वाटलं होतं तितकंच कठीण गेलं. पहिल्याच दिवशी एक आजी पंधराव्या होत्या, छातीशी जुना रेडिओ धरून. मी पुढच्या महिन्याचं पहिलं टोकन देऊ केलं, नावावर राखून. “तोवर मी आहे का नाही कुणास ठाऊक,” म्हणाल्या आणि वळल्या. पुढच्या महिन्यात ते टोकन साडेअकरापर्यंत बाजूला ठेवलं होतं. त्या आल्या नाहीत. काका तिथेच होते, रेडिओ त्यांनी वीस मिनिटांत बघितला असता, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. नियम मोडला असता तर बाकीच्यांना काय सांगितलं असतं, हेही माहीत होतं. अजून माझं यावर एकमत होत नाही.

पुन्हा करायचं तर

काकांनी पहिली वस्तू पिशवीत टाकली त्या दिवशी थांबवायला हवं होतं. उत्साही माणूस जास्तीचं काम घरी नेतो तेव्हा आपण त्याला धन्यवाद देतो, आणि तिथेच त्याची परतीची वाट बंद करतो. न झालेल्या कामासकट परत येणं कुणालाही अवघड. तब्येतीचं निमित्त त्यापेक्षा सोपं.

शिवणाच्या टेबलाला टोकनं लावायची गरजच नव्हती. सगळ्यांना एक नियम म्हणून लावली, आणि मावशी दोन रविवार अर्धा वेळ मोकळ्या बसल्या. नंतर काढून टाकली.

जिन्यातला कागद लावायचाच तर कामं कापून झाल्यावर लावायचा. 31 माणसं एका आठवड्यात मिळाली यावरून दिसतं की माणसं आमच्याकडे कमी नव्हतीच. त्यांच्यातले बरेच जण एक सकाळ वाया घालवून कायमचे गेले. दुसऱ्यांदा बोलवायला तोंड नाही.

इंजिनिअरसाठी आता एक वेगळी मांडणी करून बघतोय: कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे तोंड. मालक विचारपुशीच्या टेबलावर बसतो, मधला स्वयंसेवक दोन्हीकडे ये-जा करतो. म्हणजे मालक सभागृहातच आहे, पण पाठीवर नाही. तो एकदा येऊन गेला. चार दिवे केले, पाचवा घ्यायच्या आधी किती वाजले ते बघितलं आणि थांबला.

काकांच्या बाल्कनीतून आणलेल्या 11 पैकी सात वस्तू मालकांकडे पोचल्या. उरलेल्या चारांच्या पुठ्ठ्यांवरची शाई पावसाच्या झडीने गेली आहे. एकावर फोनचे शेवटचे तीन आकडे दिसतात, एकावर फक्त ‘चालत नाही’. वाचनालयाच्या कपाटात खालच्या फळीवर त्या ठेवल्या आहेत. दर रविवारी मी नोंदणी उघडायच्या आधी त्या बाहेर काढून टेबलाच्या कडेला मांडते, कुणी ओळखेल म्हणून.